वेताळाची दुसरी पायरी

बावीस वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं, तेव्हा पाणी वेताळाच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीपाशी थांबलं. आता त्याहून लहान वादळ येतंय, आणि म्हणे घरं सोडून पळा. हे गणित कुणाला तरी पटेल का?

करंजवेळच्या धर्मा तांडेलाला पटत नव्हतं. आणि धर्मा तांडेलाला पटलं नाही, की वाडीतल्या दोनशे बारा माणसांना पटत नसे. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. तो म्हणाला 'जाळं टाका' की टाकायचं, 'परत फिरा' की फिरायचं. पंचाहत्तर वर्षांचा हा म्हातारा आता होडीवर जात नव्हता, पण त्याचा शब्द अजून चालत होता.

वाडी वाळूच्या एका लांबट पट्ट्यावर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, बाहेर पडायला एकच बुटका पूल. वादळ उद्या दुपारी येणार होतं आणि पूल आज संध्याकाळी सहाला बंद होणार होता. सकाळचे अकरा वाजले होते. पुलाकडे कुणीच निघालं नव्हतं.

वाडीत फिरत होता तो फक्त चिंबोरा. त्याचं खरं नाव 'किनारा सूचना यंत्र क्रमांक सदतीस'. सहा पायांचा, पसरट पाठीचा यंत्रमानव (स्वतः चालणारं, बोलणारं, विचार करू शकणारं यंत्र). तिरका चालायचा, म्हणून पहिल्याच दिवशी वाडीने त्याला खेकड्याचं नाव देऊन टाकलं.

"नागरिकांनी त्वरित सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. वाऱ्याचा वेग ताशी एकशे दहा किलोमीटर अपेक्षित आहे," तो सकाळपासून एकविसाव्यांदा म्हणाला.

"मेल्या, जरा गप बस की!" येसूकाकी ओरडली. ती बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होती. "दोन वर्षांत तीनदा पळवलंत आम्हाला. त्या शाळेच्या खोलीत कोंबलंत. शंभर बायकांना एक संडास, त्याला पाणी नाही. आणि वादळ गेलं गुजरातला! घरी आले तर माझे बोंबील कुत्र्यांनी खाल्लेले. तुझ्या साहेबाला सांग, आधी एक रात्र तू झोप तिथे."

"माझ्याकडे झोपण्याची सोय नाही," चिंबोरा म्हणाला.

"आमचीपण नव्हती."

सगळे हसले. हसली नाही ती पालवी, धर्मा तांडेलाची अकरा वर्षांची नात. तिची आई कालच तिला म्हणाली होती, "आबा थांबणार असतील तर आपणही थांबू. त्यांना एकटं सोडून कशी जाऊ?" घरात तिचा आठ महिन्यांचा भाऊ होता. आबा उठले नाहीत, तर तो पाळणाही उठणार नव्हता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. शहरातल्या थंड खोलीत बसून काही लोक म्हणतात, 'हे किनाऱ्यावरचे अडाणी, सांगून ऐकत नाहीत.' साफ खोटं. हे लोक ज्या समुद्रावर पोट भरतात तो त्यांना कळतो. त्यांच्याशी कुणी त्यांना कळेल असं बोललेलंच नाही. 'ताशी एकशे दहा' ऐकून येसूकाकीने काय समजायचं? पाणी तिच्या चुलीपर्यंत येणार की नाही, ते सांगा ना!

पालवीने नेमकं तेच विचारलं. "चिंबोऱ्या, वाऱ्याचं राहू दे. पाणी किती वाढणार?"

"हा प्रश्न आजपर्यंत कुणी विचारला नव्हता. वादळी फुगवटा सहा फूट."

"म्हणजे?"

"फुगवटा म्हणजे वादळाने किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी. परातीत पाणी घे आणि हाताने एका कडेला लोट. त्या कडेला पाणी चढतं ना? वारा समुद्राला तसाच लोटतो. शिवाय वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब (हवेचा पाण्यावर पडणारा भार) कमी असतो, म्हणून तिथे समुद्र थोडा वरही येतो."

"आणि बावीस वर्षांपूर्वीच्या वादळात फुगवटा किती होता?"

"आठ फूट."

"ऐकलंस?" ओट्यावर बसून जाळ्याला गाठी मारणारे आबा म्हणाले. "तेव्हा आठ, आता सहा. तेव्हा वेताळाने पाणी दुसऱ्या पायरीवर थांबवलं. पायरीशेजारीच आपला उंबरा, तोही कोरडा राहिला. आता दोन फूट खालीच थांबेल. हिशोब मलाही येतो गो."

चिंबोरा म्हणाला, "माझ्या माहितीप्रमाणे या वेळी धोका जास्त आहे."

"का?"

"कारण आकडेमोड तसं सांगते."

"बघ," आबा पालवीला म्हणाले, "याला स्वतःलाच सांगता येईना."

पालवीला राग आला. कुणाचा, ते तिलाच कळेना. ती ओट्यावर चढून आबांच्या समोर बसली. "आबा, त्या दिवशीचं सगळं सांगा. वादळ यायच्या आधीपासून."

आबा खुलले. "त्या दिवशी वादळ बाराला आलं. दहा वाजता मी आणि माझ्या होडीवरचा गणू खाडीत उतरलो. होड्यांना दुहेरी दोर बांधायचे होते. गुडघाभर चिखल! एकेक होडी चिखलात अशी बसलेली, जसं काय कुणी रोवून ठेवली. गणूची चप्पल रुतली ती रुतलीच."

"चिखल? खाडीत पाणी नव्हतं?"

"कसं असेल? ओहोटी होती ना."

बोलून झालं आणि आबांच्या हातातली गाठ अर्धीच राहिली.

"तिथी कुठली होती?" पालवीने विचारलं.

"अष्टमी," आबा हळू म्हणाले. "भांग."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. समुद्राला चंद्र ओढतो, सूर्यही ओढतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येऊन ओढतात, म्हणून त्या सुमाराला भरती सर्वांत उंच चढते. ते उधाण. अष्टमीला दोघांची ओढ आडवी-उभी पडते, भरती बेताची राहते. तो भांग. कोकणात भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. मग ओहोटी दोन भरत्यांच्या मध्ये, बाराला.

"म्हणजे वादळ ऐन ओहोटीला आलं," पालवी म्हणाली. "तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीच्या किती खाली होतं?"

"आठेक फूट."

"त्यात आठ फूट फुगवटा."

"दुसरी पायरी," आबा म्हणाले.

"आणि उद्या काय तिथी?"

हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. तिथी वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. अमावास्या होऊन गेली होती, उद्या द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड.

"वादळ किती वाजता, चिंबोऱ्या?"

"एक ते दोनच्या दरम्यान."

आबांनी जाळं खाली ठेवलं. पुढचं गणित त्यांनी स्वतःच केलं, मोठ्याने, बोटांवर मोजत. "उद्या दीडला उधाणाची भरती. वादळ नसतं तरी पाणी दुसऱ्या पायरीच्या फूटभर खाली येतंच. त्यावर सहा फूट." त्यांनी उभं राहून उंबऱ्यापासून वर हात नेला. पाच फुटांवर तो थांबला. तिथे त्यांची हनुवटी होती. पाळणा तर कमरेएवढाच उंच होता.

"शिवाय बावीस वर्षांत समुद्र स्वतःच चार बोटं वर सरकला आहे," चिंबोरा म्हणाला. "पृथ्वी तापते आहे. बर्फ वितळतो आणि गरम पाणी फुगतं."

"थांब रे," येसूकाकी म्हणाली. बोंबील सोडून ती कधी जवळ आली ते कळलंच नव्हतं. "वादळ उशिरा आलं तर?"

"सहा तास उशिरा आलं, तर ओहोटी असेल. पाणी तुमच्या अंगणातही येणार नाही. तेही शक्य आहे. वादळ वळूही शकतं. मागच्या तीन इशाऱ्यांच्या वेळी ते वळलं. इशारे खोटे नव्हते, पण तुम्हाला तसं कुणी समजावलं नाही."

"मग थांबून बघायचं?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"बघा की," पालवी एकदम भडकली. "पण बघायला तुमची पोरं पाळण्यात ठेवून बघा!"



आबा समुद्राकडे वळले. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी पाण्याची उंची सांगत फिरलो. पाण्याची वेळ सांगितलीच नाही. साठ वर्षं होडी चालवली आणि ओहोटी विसरलो."

असं सगळ्यांचंच होतं, मुलांनो. एकदा जीव वाचला, की तो नशिबाने वाचला हे मन विसरतं आणि 'आपल्याला काही होत नाही' एवढंच धरून ठेवतं. सुटका झाली त्यालाच आपण सुरक्षितता समजतो. मोठमोठ्या पदव्या लावणारेही समजतात. फक्त त्यांच्यावर कुणी अडाणी असा शिक्का मारत नाही.

"टेम्पो आणा," आबा म्हणाले. "बोंबील पोत्यात भरा, ओले असले तरी. आणि ए चिंबोऱ्या, तुझ्या साहेबाला कळव. त्या शाळेत पाण्याचे टँकर आणि आठ संडास आधी, माणसं नंतर. नाहीतर आम्ही थेट त्याच्या कचेरीत झोपायला येतो."

"कळवलं," चिंबोरा म्हणाला. पाचच मिनिटांनी पुन्हा म्हणाला, "टँकर निघाला आहे. संडास सहा मिळतील."

"सहा तर सहा," येसूकाकी म्हणाली. "कुणीतरी विचारलं, हेच नवल."

पावणेसहाला शेवटच्या टेम्पोने पूल ओलांडला. आबा मागच्या फळीवर बसले होते, मांडीवर नातू घेऊन.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. वळलं नाही, उशीरही केला नाही.

तिसऱ्या दिवशी वाडीकर परतले तेव्हा एकोणीस घरं नुसत्या जोत्यांवर उरली होती आणि येसूकाकीचा मांडव खाडीपलीकडे एका माडावर लटकला होता. ती त्याच्याकडे बघून रडली, मग शिव्या देत तो खाली काढायला माणसं गोळा करू लागली. दोनशे बारा माणसं होती, तेवढीच्या तेवढी.

आबांच्या घराच्या भिंतीवर गाळाची ओली रेघ उठली होती. पालवीने टेप लावली. उंबऱ्यापासून चार फूट नऊ इंच.

"तीन इंच चुकलास रे," आबा चिंबोऱ्याला म्हणाले.

"नोंद घेतली. पुढच्या वेळी शेजारच्या वाडीत मी काय सांगावं?"

"सांगू नको. आधी विचार. मागच्या वेळी होड्या कुठे होत्या, चिखलात की पाण्यावर, ते विचार."

चिंबोरा तिरका तिरका निघाला. आबांनी होडीच्या लाल रंगाचा डबा उघडला. गाळाच्या रेघेवर एक जाड पट्टा ओढला, शेजारी तिथी लिहिली, वेळ लिहिली. मग मासळीचा क्रेट पालथा घालून त्यावर चढले आणि हात पोचेल तेवढ्या उंचीवर आणखी एक पट्टा ओढला.

"आबा, तिथवर कधी पाणी आलं होतं?"

"कधीच नाही."

"मग कशाला?"

"नवं घर बांधशील तेव्हा जोतं किती उंच घ्यायचं ते कळायला." आबांनी ब्रश तिच्या हातात दिला. "माझं घर होतं तसं होतं. पुढचं तुला बांधायचंय. ये, चढ वर. तू ओढ तुझी रेघ."

पालवी क्रेटवर चढली. टाचा उंचावल्या, हात ताणला, तरी आबांच्या रेघेला ती पोचेना. आबांनी तिला उचललं, आणि तिने आपली रेघ त्यांच्या रेघेच्याही वर ओढली.