हरणीचे बेचाळीस ठिपके

गोधडीवर इंजिनातले सहा पोलादी दांडे ओळीने मांडले होते आणि शेजारी त्यांच्या टोकांना बसणाऱ्या सहा अर्धगोल टोप्यांची दुसरी ओळ. सगळं कसं आरशासारखं लखलखीत. अकरा वर्षांची उल्का कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्या शेजारी तिचा यंत्रमानव चिमटा उभा होता. दोघंही अप्पांच्या शाबासकीची वाट पाहत होते.

अप्पा वाकले. त्यांनी एक टोपी उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग दुसरी उचलली, मग तिसरी. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. चष्मा मळलेला नव्हता, हे उल्काला दिसत होतं.

"उल्के," ते म्हणाले, "ठिपके कुठं गेले?"

"कुठले ठिपके?"

"खड्डे म्हणायचं आहे का?" चिमटा पुढे सरसावला. त्याचे हात सांडशीसारखे लांब आणि निमुळते, म्हणून तर त्याचं नाव चिमटा. "होते, अप्पा. पृष्ठभागावर एकूण बेचाळीस दोष आढळले. सगळे घासून काढले. एकही शिल्लक नाही."

"वा!" अप्पा म्हणाले आणि खाली गोधडीवर बसले. बसताना त्यांचे गुडघे वाजले. "वा रे माझ्या सोन्या! हरणीची अख्खी पत्रिकाच पुसलीस की."

 एकही डाग ठेवू नकोस, असं चिमट्याला उल्कानेच तर बजावलं होतं.

हरणी म्हणजे कावेरीआत्याचा मालट्रक. आत्याहून दोन वर्षांनी धाकटा. सन दोन हजार एकसष्टात अकोले तालुक्यातल्या रस्त्यांवरून विजेचे ट्रक आवाज न करता, मांजराच्या पावलांनी जात. पण डोंगरातल्या वाड्यांवर अजून वीज भरायचे खांब पोचले नव्हते. तिथवर चढायची ती एकटी हरणी. आत्याच्या रोपवाटिकेत करंजाची बारा हजार रोपं तयार होती आणि पावसाच्या आत ती वर न्यायची होती. नवा नियम असा होता, की जुनं इंजिन करंजाच्या तेलावर नीट चाललं, तर गाडीला परवाना; नाही चाललं, तर गाडी वितळणीच्या भट्टीत. शनिवारी चाचणी होती. आज मंगळवार होता.

म्हणून तर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चेनकप्पी लावून इंजिन उतरवलं होतं. उल्काचे आजोबा, म्हणजे अप्पा, धातूंच्या झिजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. निवृत्त झाले तरी हात शिवशिवत. चार दिवस तिघांनी मिळून एकेक नट सोडवला होता. वरचं हेड काढलं, खालचं तेलाचं चेंबर काढलं, आणि काल हे दांडे बाहेर आले. नवे पिस्टन उद्या येणार होते. दांडे मात्र जुनेच लावायचे होते, कारण ते बनवणारा कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती.

"ते ठिपके मागे हे इंजिन उघडणाऱ्या मिस्त्रींनी मारले होते," अप्पा म्हणाले. "पंच म्हणजे टोकदार खिळा आणि हातोडी घेऊन. पहिल्या दांड्यावर एक ठिपका, त्याच्या टोपीवरही एक. दुसऱ्यावर दोन, त्याच्या टोपीवर दोन. असे सहापर्यंत. कोणती टोपी कोणाची, ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून."

उल्काने मनात बेरीज केली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा मिळून एकवीस. दांड्यांचे एकवीस, टोप्यांचे एकवीस. बेचाळीस. चिमट्याने मोजणी अगदी चोख केली होती.

"तू फोटो काढून ठेवले असशील ना रे?" तिने आशेने विचारलं.

"दोषांचे फोटो मी ठेवत नाही," चिमटा म्हणाला. "फक्त संख्या ठेवतो."

"पण अप्पा, टोप्या सगळ्या सारख्याच तर आहेत! कुठलीही कुठंही लावली तर काय बिघडलं?"

 अप्पांनी तिला शेडबाहेरच्या सायकलवर बसवलं आणि सायकल स्टँडवर चढवली. "मार पायडल. गुडघा काय करतोय?"

"वर-खाली होतोय."

"आणि पायडल?"

"गोल फिरतंय."

"मधे काय आहे?"

उल्काने खाली पाहिलं. "माझी नडगी!"

"बरोब्बर. इंजिनात तेल पेटतं, गरम वायू फुगतो आणि पिस्टनला (नळकांड्यात वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला) खाली ढकलतो. पिस्टन म्हणजे तुझा गुडघा. क्रँकशाफ्ट (ज्याच्या फिरण्याने शेवटी चाकं फिरतात तो वाकडातिकडा दांडा) म्हणजे पायडल. आणि हे सहा दांडे म्हणजे सहा नडग्या. आता नडगीच्या टोकाने क्रँकला मिठी मारायला हवी ना? पण क्रँक आहे वाकडातिकडा. अख्खं कडं त्यात ओवता येत नाही. मग आत्याच्या पाटल्या कशा असतात?"

"मधून उघडतात. मनगटाभोवती घालायच्या आणि फिरकी पिळायची."

"तसंच हे कडं. अर्धं दांड्याला, अर्धं टोपीत. बोल्ट पिळले की पुरं. आता नीट ऐक, खरी गंमत पुढेच आहे. कारखान्यात आधी टोपी दांड्याला घट्ट बसवतात आणि मग दोघांना मिळून एकच गोल भोक पाडतात. भोक अर्धं याचं, अर्धं तिचं. हत्यार दर वेळी केसाच्या अंशाने इकडेतिकडे सरकतंच. म्हणून प्रत्येक जोडीचा गोल वेगळा. टोपी बदललीस तर सांध्याशी पायरी पडते."

"केवढी?"

"असेल तीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुझा केस सत्तरएक मायक्रॉन जाड आहे."

"म्हणजे अर्ध्या केसाहून कमी! एवढ्याने काय होतंय?"

"ओल्या फरशीवर तुझी चप्पल कशी सटकते? पाण्याच्या पापुद्र्यावर ती तरंगते म्हणून. क्रँक असाच तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. कड्याच्या आत पातळ अस्तर (बेअरिंग) असतं, त्याला क्रँक कधी टेकतसुद्धा नाही. पण तो पापुद्रा काही ठिकाणी दोन-चार मायक्रॉनचाच असतो. कड्यात तीसची पायरी पडली, तर अस्तर वाकतं, पापुद्रा फाटतो, धातू धातूला घासतो. तापतो. आणि भर घाटात हरणी जागच्या जागी मरते."

उल्का सायकलवरून उतरली. 

"जुळवणीच्या एकूण शक्यता सातशेवीस," चिमट्याने जाहीर केलं. "एका शक्यतेला एक तास धरला, तर तीस दिवस. चाचणी चार दिवसांवर. निष्कर्ष: वाईट."

एवढ्यात फाटक वाजलं. डोक्यावर पदर, हातात डबा आणि तोंडात गाणं, अशी कावेरीआत्या आत आली.

"हरणी गं माझी बाई, घाटामंदी उभी ऱ्हाई,
करंजाच्या तेलानं गं, अंगी तिच्या बळ येई."

"काय गं उल्के? माझ्या लेकीचं पोट उघडून बसलीस, जमतंय ना समदं?"

उल्काला वाटलं, हो म्हणावं आणि डबा उघडावा. पण ती म्हणाली, "आत्या, मी चूक केली." आणि तिने सगळं सांगितलं. चिमट्याला मी सांगितलं, तो तर फक्त ऐकतो, हेही सांगितलं.

आत्याने डबा खाली ठेवला. क्षणभर तिचा चेहरा उतरला, सगळ्यांना दिसेल इतका उतरला. मग ती गोधडीच्या कडेला बसली. "धा वर्षांची असताना मी अप्पांचं कसलंसं यंत्र नळाखाली धुतलं हुतं," ती म्हणाली. "इचार त्यांना."

"सूक्ष्मदर्शक," अप्पा पुटपुटले. "साबण लावून."

उल्काला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. ते दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली आणि ती गोधडीकडेच पाहत राहिली. गोधडीवर निळे-पांढरे पट्टे होते. एका शिवणीशी ते येत आणि पलीकडे निघून जात, जणू मधे शिवण नव्हतीच. दुसऱ्या शिवणीशी मात्र ते अडखळत. निळा पट्टा पांढऱ्याला भिडे, जाड पट्टा बारक्याला.

"आत्या, हे पट्टे इथं जुळलेत आणि तिथं का नाही?"

"अगं, तुकडे हायेत ते. हितं एकाच लुगड्याचे दोन भाग शेजारी आले, म्हणून पट्टा फुडं चालत ग्येला. तितलं कापडच येगळं."

उल्का ताडकन उठली. "अप्पा! भोक पाडताना हत्याराच्या रेघा उठत असतील ना? आतल्या बाजूला?"

अप्पांच्या भुवया वर गेल्या. "उठतात. अगदी बारीक. एखादी खोल, एखादी उथळ. पुढं?"

"मग रेघ दांड्यावरून टोपीवर गेली असणार! लुगड्याच्या पट्ट्यासारखी! चिमट्या, तू आतून घासलंस?"

"नाही. आतला गोल हा मापाचा पृष्ठभाग आहे. त्याला हात लावायचा नाही, हे माझ्या पहिल्या नियमात आहे."

"चिमट्या, तुझ्या पहिल्या नियमाचा मुका घेते मी!"

"गरज नाही," चिमटा म्हणाला.

पण आत पाहिलं तर काहीच दिसेना. गुळगुळीत, करडा धातू. चिमट्याने भिंगाचा डोळा लावला, दिवा सरळ आत धरला. तरी काही नाही. उल्काचा चेहरा पुन्हा पडला.

"नांगरलेलं रान भर दुपारी कसं दिसतं?" अप्पांनी विचारलं.

"सपाट."

"आणि दिवस कलला की?"

"नांगराचे तास दिसायला लागतात. सावल्या पडतात ना." ती थांबली. मग तिने शेडच्या दाराची ताडपत्री खाली सोडली, बॅटरी घेतली आणि उजेड धातूला जवळजवळ टेकवून, तिरका धरला.

उगवल्या रेघा! शेकडो, एकमेकींच्या संगतीने वळत जाणाऱ्या. प्रत्येक रेघेच्या कुशीत तिची इवलीशी सावली. आत्याच्या तोंडून "अगंबाई" एवढंच निघालं.

मग काम सुरू झालं. उल्का उजेड धरी, चिमटा सांध्याजवळच्या रेघा भिंगातून टिपे, आणि त्याच्या पडद्यावर दांड्याची कड वर नि टोपीची कड खाली, अशी चित्रं शेजारी येत. उल्का एकेक टोपी सरकवून पाही. "ही नाही. ही नाही. ही... थांब, ती जोडरेघ बघ, इथं पण जोडरेघ! ही याचीच!" चार जोड्या जुळल्या. उरलेल्या दोन दांड्यांच्या रेघा मात्र पुसट होत्या. उल्काने डोळे बारीक करकरून शेवटी ठरवलं. "ही याची, ती त्याची. झालं!"

"झालं?" अप्पा म्हणाले. "तुला वाटलं, ते बरोबरच असेल. पण वाटणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बाई."

मग प्रत्येक जोडी बोल्ट पिळून, ठरल्या ताणाने आवळली आणि चिमट्याने आपलं सर्वांत बारीक बोट आतून गोल फिरवलं. पहिली जोडी, सांध्याशी पायरी दोन मायक्रॉन. दुसरी, दोन. तिसरी, एक. चौथी, दोन. पाचवी...

"चौतीस," चिमटा म्हणाला.

 उल्काने स्वतःच पाना घेतला, बोल्ट सोडले, शेवटच्या दोन टोप्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा आवळले.

"पाचवी, दोन. सहावी, एक. निष्कर्ष..." चिमटा अडखळला.  "निष्कर्ष: गोल."

संध्याकाळच्या आत उल्काने पंच आणि हातोडी घेतली. सांध्याच्या अलीकडे एक ठिपका, पलीकडे एक. मग दोन आणि दोन. पंच थोडा सरकला, म्हणून तिसरा गट जरा वाकडा आला. अप्पा म्हणाले, असू दे, अक्षर आहे तुझं ते.

शनिवारी चाचणीच्या मैदानावर आत्याने किल्ली फिरवली. हरणी एकदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. उल्काने अप्पांचा सदरा मुठीत धरला. तिसऱ्यांदा इंजिनाने दम घेतला, आणि मग ती घुमू लागली, भरल्या गळ्याने, एकसारखी. तळलेल्या करंजीसारखा नाही, कडवट, हिरवा असा करंजतेलाचा वास मैदानभर पसरला. तपासणीच्या बाईंनी तासभर इंजिन पळवलं, उष्णता मोजली, धूर मोजला आणि शिक्का मारला.

पहिल्या खेपेला उल्का आत्याशेजारी बसली. मागे हजार रोपं डुलत होती. ती मोठी होतील, शेंगा धरतील, त्यांच्या बियांचं तेल पुन्हा हरणीच्याच पोटात जाईल. घाट लागला तशी आत्या गाऊ लागली, आणि या वेळी दुसरी ओवी उल्काने जोडली:

"दांड्याची गं टोपी, दांड्याच्याच संग,
एका धारेखाली जन्म, एक त्यांचं अंग."

"अगं, तुला बी येतंय की!" आत्याने शेवटच्या वळणाला हॉर्न वाजवला.

मागच्या बाकावर चिमटा बसला होता. त्याने आपली चूक आणि नवा नियम आपल्या सगळ्या यंत्रबांधवांना कळवला होता. कोणतीही खूण घासण्याआधी विचारायचं: डाग की निरोप?

घाटमाथ्यावर त्याच्या छातीवरचा दिवा लुकलुकला.

"उत्तर आलं," तो म्हणाला. "चंद्रावरच्या कार्यशाळेतून. तिथला सफाईचा यंत्रमानव एका जुन्या पंपाची टोपी घासायला निघाला होता. टोपीवर तीन ठिपके आहेत. तो थांबला आहे आणि विचारतो आहे."

उल्काने खिडकीतून वर पाहिलं. दिवसाउजेडी, डोंगराच्या माथ्यावर, फिकट अर्धा चंद्र टेकला होता.

"त्याला सांग," ती म्हणाली, "निरोप आहे. तीन ठिपक्यांचा दांडा शोध."