भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड

शिगेझो सकाळी सरपण आणायला मागच्या दारी गेला, तर भिंतीला एक कुऱ्हाड टेकवून ठेवलेली. तिच्यापुढे पानावर चिमूटभर तांदूळ आणि वाटीत रताळ्याची दारू.

दुसरा कुणी घाबरला असता. शिगेझोच्या आत काही हललंच नाही. त्याची बायको किनु महिन्यापूर्वी अंथरुणाला खिळली होती आणि तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

कुऱ्हाड अशी का ठेवतात, हे जपानच्या याकुशिमा बेटावरच्या डोंगरात कुणाला सांगावं लागत नाही. हजार-हजार वर्षांचे देवदार ते! तोडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याला कुऱ्हाड टेकवायची, पुढे तांदूळ आणि दारूचा नैवेद्य ठेवायचा. सकाळी ती पडलेली दिसली, तर झाड नाही म्हणतंय. मुकाट्याने माघारी फिरायचं. उभी असली, तरच घाव. पुढे यांत्रिक करवती आल्या, आणि मुकादम पडलेली कुऱ्हाड उचलून खुशाल पुन्हा टेकवू लागला. "वाऱ्याने पडली होती रे," म्हणायचा. सगळे मान खाली घालून करवती सुरू करायचे, शिगेझोसुद्धा. घरी मात्र हे त्याने कधीच सांगितलं नाही, किनुलाही नाही. डोंगर बोडका झाल्यावर सरकारला जाग आली, तोड बंद झाली, आणि उरलेल्या झाडांचा राखणदार म्हणून नेमलं कुणाला? तर शिगेझोलाच. घ्या!

शेजारचा यासुहेई, त्याच्याच जुन्या टोळीतला, कुंपणावरून डोकावला.

"शिग्या, ही कुणाची रे?"

"माहीत नाही."

"घराला लावलीय तुझ्या..." यासुहेई कुंपणापासून मागे सरला. "बघतोस काय? लाथ घाल, पाड!"

"आपण पाडलेली चालत नाही."

"अरे, आपण कधी पाळलं ते?"

"म्हणूनच तर."

यासुहेईने घरात जाऊन दार लावून घेतलं.

शिगेझो दिवसभर कुऱ्हाडीसमोर बसून राहिला. दुपारी घरभर ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास पसरला.

"अहो..." किनुने हाक मारली. तो आत गेला. "आत्ता कोण आलं होतं? कमरेभोवती दोरी गुंडाळून माप घेत होतं माझं..."

"कुणी नाही. झोप तू."

तोडीआधी झाडाचा घेर टोळीतले असाच मोजायचे. महिन्याभरात पहिल्यांदाच शिगेझोला भीती वाटली. बाहेर येऊन तो कुऱ्हाडीपुढे गुडघ्यांवर बसला. "पड गं बाई," तो म्हणाला. "तिने काय केलंय? तोडणारा मी. पड."

संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला. दांडा सरकला आणि कुऱ्हाड खणकन दगडावर पडली.

शिगेझो लहान पोरासारखा रडला. किनुने त्या रात्री वाटीभर पेज घेतली, वर "मीठ विसरलात" म्हणून टोमणाही मारला. तो तिच्या उशाशी बसल्या बसल्याच झोपला.

उजाडताच तो मागच्या दारी गेला. कुऱ्हाड उभी होती, वाटी रिकामी होती. ओल्या मातीत पाऊल एकही नव्हतं.

आतून किनुचा आवाज आला, अगदी शांत.

"अहो... हा कालचा दोरीवाला म्हणतोय, वाऱ्याने पडली होती."