करमाळ्याहून आलेली मोटार

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. पण माझ्या सिद्धाराम मामांनी आयुष्यात कधी थाप मारली नाही. आणि हे घडलं तेव्हा मामीही तिथंच होती.

साल १९७६. मे महिना. मंगळवार. सोलापुरात होटगी रोडला मामांचं पत्र्याचं शेड होतं.

रात्र नव्हती. भर दुपारचे अडीच वाजले होते.

मामा पुण्याच्या कारखान्यात आर्गन वेल्डिंग शिकून आले होते. मोहोळच्या अण्णारावांची दुधाची स्टेनलेस टाकी त्यांच्याकडे आली होती. सांधा गळत होता.

"रोज दूध वताय लागतंय, मिस्त्री! गुरुवारी टाकी न्हाय मिळाली तर फुडचं समदं काम पुण्याला धाडतो," असं बजावून अण्णाराव गेले होते.

काम अडलं होतं एवढ्याशा टोकापाशी.

या वेल्डिंगला टंगस्टनची बारीक कांडी लागते. तिला पेन्सिलीसारखं टोक काढावं लागतं. धार लावायच्या मोठ्या फिरत्या दगडावर हाताने धरली की टोक वाकडं यायचं. वाकडं टोक म्हणजे जाळ भरकटणार आणि पातळ पत्र्याला भोक पडणार.

म्हणून मामांनी घरच्या घरी छोटा ग्राइंडर बनवायला घेतला. भंगारवाल्या रावजीकडून शिलाई मशीनची जुनी मोटार आणली. तिच्या दांड्यावर छोटा दगड बसवला. कांडी धरायला ड्रिलचा चक लावला, म्हणजे तो हाताने फिरवत राहिलं की टोक चारी बाजूंनी सारखं येणार.

सगळं जमलं. मोटार तेवढी जमेना.

बटण दाबलं की घर्रर्र... आणि थांबायची.

पुन्हा घर्र... पुन्हा थांबायची.

पायाचं पेडल मामांनी केव्हाच काढून टाकलं होतं. मोटार सरळ बटणावर जोडली होती. मग थांबते कशी?

त्यांनी मोटारीला वीज पोचवणारे कार्बन बदलले. वायर बदलली. दांड्याला तेल पाजलं. तीन दिवस हेच. मोटार मध्येच थांबायची, झटक्याने सुटायची आणि कांडी काटकन मोडायची. पुण्याहून आणलेल्या दहा कांड्यांतल्या दोन उरल्या.

"तुज्या आयला तुज्या!" मामांनी पाना भिंतीवर फेकून मारला.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. शेजारचा लेथ थांबला. सगळा रस्ता गप्प झाला.

आणि...

घर्रर्र.

मामांनी वळून पाहिलं. दगड फिरत होता.

त्यांनी बटण बंद केलं. दगड थांबला नाही.

पिन उपटली. वायर त्यांच्या हातात लोंबत होती...

घर्र... घर्रर्र... थांबली. घर्र.

मामा पिन हातात धरून दोन पावलं मागे सरले.

दारात काशम्मा मामी डबा घेऊन उभी होती.

"बंद करा की ते."

मामांनी हातातली पिन दाखवली.

मामी पळाली नाही. ती बाराव्या वर्षापासून मशीनवर बसत होती. गल्लीतल्या बायकांची पोलकी तीच शिवायची. डबा खाली ठेवून तिने मान तिरकी केली आणि ऐकत राहिली.

"आवो... ही शिवतीया."

"काय?"

"ऐका की. बारीक शिवण घातली... थांबली, कापड फिरवलं... परत बारीक. मोट्या माणसाचं न्हाय हे. झबलं हाय."

घर्र. थांबली. घर्र.

"गळा झाला," मामी पुटपुटली. "खांदं जोडलं... ही बाही."

मामांना ऐकवेना. तीन दिवसांचा वैताग, मोडलेल्या कांड्या, अण्णारावांचं बोलणं आणि ही भीती, सगळं एकदम डोक्यात गेलं. त्यांनी फिरता दगड मुठीत धरला.

तळहाताची साल निघाली. रक्त आलं.

मोटार थांबली.

"अय्यो! कशाला धरली?" मामी ओरडली. "एकच बाही राहिली हुती!"

शेडमध्ये काहीच वाजत नव्हतं. आणि मग... अगदी जवळ, कोणीतरी खोल श्वास घेतला. मामांना वाटलं मामीने घेतला. मामीला वाटलं मामांनी.

लाइट आली. मामांनी पिन लावून बटण दाबलं.

मोटार हूं की चूं नाही.

त्यांनी ती खोलली. आत काही जळलेलं नव्हतं. तारा धड, कार्बन नवे. तरी फिरेना.

दुसऱ्या दिवशी ते हाताला फडकं बांधूनच रावजीकडे गेले.

"करमाळ्याकडनं आली पोत्यात," रावजी म्हणाला. "संगं मशीन न्हवती. नुसती मोटारच. कुणाची, आमाला काय ठावं?"

तिथून परतल्यावर मामांनी उरलेल्या दोन कांड्या दुखऱ्या हाताने, श्वास धरून मोठ्या दगडावर घासल्या. एक मोडली. दुसरीवर टाकी झाली. गुरुवारी अण्णाराव पाणी भरून, सांध्यावर बोट फिरवून टाकी घेऊन गेले. टाकी गळली नाही.

मोटार मामांनी टाकली नाही. दुपारी लाइट गेली की शेजारी शिव्या देतात. मामा मात्र हातातलं काम ठेवतात, मोटार पुढ्यात घेतात आणि बसून राहतात. मामीही डबा घेऊन आलेली असली तर शेजारी टेकते.

इतकी वर्षं झाली. मोटार एकदाही फिरलेली नाही.

अशाच एका दुपारी मी विचारलं, "मामा, फिरली तर काय कराल?"

"हात लावणार न्हाय," मामा म्हणाले.

मी मामीकडे पाहिलं. तिने बोट ओठांवर ठेवलं होतं. ती काहीतरी ऐकत होती.

मला काहीच ऐकू आलं नाही.