कापलेला फोटो

२००३ सालच्या चैत्रात पाटोद्याला मी आमच्या समाजासाठी वधूवरांचे एक संकेतस्थळ तयार केले होते. काम साधे होते. लोक फोटो आणून देत, खालच्या मजल्यावरचा स्टुडिओवाला मकसूद तो स्कॅन करी, आणि मी तो नीट कापून संकेतस्थळावर चढवत असे. चढवलेली फाईल सर्व्हरवर प्रथम एका तात्पुरत्या कप्प्यात उतरते. माझ्या प्रोग्रामने तिचे आकारमान तपासून तिला कायमच्या फोल्डरमध्ये हलवायचे. न हलवल्यास ती आपोआप नाहीशी होते.

त्या दुपारी लिंबागणेशहून केदारनाथ आणि त्यांच्या मातोश्री शांतादेवी आल्या. केदारनाथांची पहिली पत्नी रुद्राणी दीड वर्षापूर्वी तापाने गेली होती. माझी मामेबहीण रोहिणी हिच्यासाठी हे स्थळ मीच सुचवले होते. चार वाजता मामा तिला घेऊन सोलापुरातल्या सायबर कॅफेत बसणार, फोटो पाहणार आणि होकार-नकार तेव्हाच कळवणार, असे ठरले होते.

शांतादेवींनी पिशवीतून एकच फोटो काढला. लग्नातला, दोघांचा.

"दुसरा नाही का एखादा?"

"ह्याच्यातच त्यो बरा दिसतो बाबा. तेवढी बाई कापून टाका."

"आधी तिला इचार की बे, श्रीशैल," स्कॅनसाठी फोटो न्यायला वर आलेला मकसूद हसत म्हणाला. दुसरे कोणीच हसले नाही. तो फोटो घेऊन जिना उतरला.

स्कॅन आल्यावर मी रुद्राणीला कापले. केदारनाथ तेवढे उरले. चाळीस केबीची ती फाईल चढवली आणि पान उघडले. त्या काळी छायाचित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरे. प्रथम केदारनाथांचा फेटा आला. मग त्याच्या शेजारी, दुसऱ्या एका कपाळावरच्या मुंडावळ्या.

घाईत मूळ फाईल निवडली गेली असावी. मी कापलेली फाईल पुन्हा पाहिली, त्याच नावाने जुनीवर चढवली. पुन्हा फेटा. पुन्हा मुंडावळ्या.

तिसऱ्या वेळी मूळ फाईल माझ्या संगणकावरून पुसूनच टाकली. प्रोग्रामला अट घातली: पन्नास केबीहून मोठे काहीही स्वीकारायचे नाही. अखंड फोटो नव्वदचा होता. प्रोग्रामने उत्तर दिले: चाळीस, स्वीकारले. मग पट्ट्या उतरू लागल्या. मूळ फोटोत रुद्राणीची नजर समोर होती. आता ती केदारनाथांकडे वळली होती.

तेवढ्यात वीज गेली. पंखा कुरकुरत थांबला. बॅटरीवर चालणाऱ्या संगणकाची टिकटिक तेवढी उरली, आणि त्या कोरड्या, भाजणाऱ्या दुपारी खोलीत ओल्या हळदीचा वास येऊ लागला.

"टाक केला न्हाई..." शांतादेवी पुटपुटल्या. "मी म्हनलं व्हतं."

आमच्या भागातली रीत आहे. दुसरेपणाची म्हणून जी घरात येते, तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. गेलेलीला तिची जागा मिळते. मग ती आलेलीच्या वाटेला जात नाही. केदारनाथांनी हे मोडीत काढले होते.

"आई, असलं काई नसतं..." ते म्हणाले, पण पडद्याकडे पाहण्याचे त्यांनी टाळले.

"श्रीशैल! सोलापूरचा फोन हाय!" खालून मकसूदने हाक दिली. माझी फोनची तार इंटरनेटने अडवलेली असल्यामुळे निरोप त्याच्याच फोनवर येत.

मी खाली गेलो. रोहिणी होती.

"दादा, फोटो आला. चांगले दिसतात की. पण शेजारच्या बाई कोण? अशा का बघतायत त्या... माझ्याकडं?"

तेव्हाच मी तिला सारे सांगायला हवे होते. मी म्हणालो, "चुकीची फाईल गेली. पाच मिनिटं थांब."

वर आलो, तेव्हा शांतादेवींनी पडद्यावर तळहात ठेवला होता. "तुजी जागा तुलाच हाय, रुद्राणी. टाक करते. नव्या सुनंच्या गळ्यात घालते... आता एवढं होऊ दे माय."

चौथ्यांदा फाईल चढवली. फेटा, खांदे, हात. केदारनाथ एकटे. हळदीचा वास विरला, आणि मामांचा होकार आला.

वैशाखात लग्न झाले. शांतादेवींनी शब्द पाळला. रोहिणीच्या गळ्यात टाक आहे.

पुढच्या वर्षी संकेतस्थळ दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना मी एकेक फाईल तपासून उतरवून घेत होतो. केदारनाथांचा फोटो मी चारदा चढवला होता, पण एकाच नावाने; म्हणजे फोल्डरमध्ये एकच फाईल असायला हवी. तेथे दोन होत्या. दुसरीतही केदारनाथ एकटे होते. मात्र डोक्याला फेटा होता तो दुसऱ्या लग्नातला, आणि कापलेल्या कडेला एका स्त्रीचा खांदा बोटभर उरला होता. त्यावरचा मोरपंखी शालू मी ओळखला. मामांनी तो रोहिणीसाठी साखरपुड्यानंतर घेतला होता.

फाईलवरची वेळ त्या चैत्रातल्या दुपारची होती. चार वाजून अकरा मिनिटे.

रोहिणी सुखरूप आहे. दर रविवारी फोन करून मी खात्री करून घेतो. ती फाईल मात्र मी आजवर पुसलेली नाही. ती पुसली, तर तिच्याबरोबर आणखी काय पुसले जाईल, हे मला ठाऊक नाही.