मामाच्या बेसला मी करवत लावली

पहिल्याच भेटीत मी भारतच्या डोक्यात बेस गिटार मारला. मारला म्हणजे... लागला. सॉरी मात्र म्हणाले नाही. उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीपेक्षा सीटवर बसलेल्या मुलाचं डोकं जास्त सुखात असतं, असं माझं मत आहे.

आर्णीहून पुसदला येणारी दुपारची एसटी. फेब्रुवारी संपत आलेला, खिडकीबाहेर पळस नुसता पेटलेला. माझ्या खांद्यावर सोलापुरी चादरीत गुंडाळलेला गोविंदामामाचा बेस... चार जाड तारांचा, जपानी, माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीचा. मामाची बोटं आता आखडलीत, म्हणून त्याने तो मला देऊन टाकला होता. दिग्रसच्या अलीकडे ड्रायव्हरने ब्रेक मारला, बेसची मान चादरीतून बाहेर आली आणि... टक्‌!

"आई गं!" त्या मुलाने डोकं धरलं, मग वर पाहिलं. "मॅडम, बंदूक हाय का काय?"

"बेस गिटार आहे."

"लागला तं बंदुकीसारखाच." चादर बाजूला सारून त्याने मान नीट निरखली. बेसची, माझी नाही. मला उगीचच राग आला. "याचे दात कुठी गेले?"

"दात?"

"गिटारले आडव्या तारा ठोकलेल्या असतात ना, बोटं ठेवाले."

"त्यांना फ्रेट म्हणतात. याला नाहीतच. कंपनीतूनच असा गुळगुळीत आलाय. सूर नेमका कुठे आहे ते आपल्या कानानं शोधायचं."

"आन सापडते तुले?"

काय मुलगा आहे... ओळख ना पाळख, बोट थेट दुखऱ्या जागेवर!

"कधी कधी," मी म्हणाले.

"म्हंजे कधी कधी नाही सापडत." तो उठला. "बस तू. मले सवय हाय, आयटीआयले दिवसभर उभाच असतो. फिटर ट्रेडले. भारत आडे."

"उर्वशी. अकरावी सायन्स."

पुसद येईपर्यंत मी त्याला सगळं सांगून टाकलं. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलला फुलचंदकाकांच्या गायन मंडळाचा कार्यक्रम असतो. काका स्वतः पेटी वाजवतात. त्यांचा बेसवाला कामाला पुण्याला गेला आणि जागा रिकामी झाली. मी म्हटलं, मी वाजवते. काका म्हणाले, "तू कोरसमधी गाय." मी म्हटलं, गाते पण आणि वाजवते पण. तेव्हा सगळं मंडळ हसलं. काका हसले नाहीत, ते म्हणाले, "मार्चच्या शेवटच्या रविवारी ये. गात गात एक गाणं वाजवून दाखव. बेसूर झाली तं मंग पुन्हा नाव काढाचं नाही."

"मंग अडचण काय हाय?" भारतने विचारलं.

"गाताना मला लोकांकडे पाहायचंय. या गुळगुळीत मानेवर बोट केसभर इकडे-तिकडे झालं की सूर गेला. डोळे खाली घालून मी गाणार नाही."

वरच्या दांड्याला लोंबकळत त्याने बेसची मान पुन्हा एकदा बोटाने चाचपली. मग म्हणाला, "दात बसवून देऊ का?"

इतक्या सहज! जणू सायकलची चेन बसवायची होती.

---

मग काय, सगळीकडे बोंबाबोंब. आई म्हणाली, "इतकी जुनी चीज, अन् तिले करवत लावतं?" फुलचंदकाकांच्या कानावर गेलं तर त्यांनी गल्लीतच मला थांबवलं. "असा बेस अख्ख्या जिल्ह्यात नसंल, पोरी. वाटोळं करशीन त्याचं." मी मामाला फोन लावला. तिकडून मामा म्हणाला, "मी चाळीस वर्षं माह्या हातानं वाजवला. आता हात तुहा हाय. मले काहून इचारून राह्यली?"

संपला विषय.

भारतच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या शेडमध्ये. मी रोज कॉलेज सुटल्यावर, भर दुपारी, बेस खांद्यावर टाकून त्याच रस्त्याने जायचे. ओढणीआड लपवून नाही. नळावरच्या बायका विचारायच्या, "कुठी निघाली वं?" मी सांगायचे, "आडेंच्या दुकानात!" तेही इतक्या मोठ्याने की पुढचा प्रश्न त्यांच्या घागरीतच बुडायचा.

पहिल्या दिवशी भारतची आई, म्हणजे त्याची याडी, बाहेर आली. "तार नाम काई छ?" मी भारतकडे पाहिलं. "नाव इचारून राह्यली." सांगितलं. तिने चहा दिला आणि स्टुलावर बसून आमच्याकडे पाहत राहिली, ती पुढचे तीन आठवडे.

आमचं पहिलं भांडण गणितावरून झालं. फ्रेट कुठे बसवायचे ते मी काढून आणलं होतं. तारेची लांबी आठशे चौसष्ट मिलिमीटर. तिला सतरा पूर्णांक आठशे सतरा सहस्रांशाने भागायचं की पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानेच भागायचं की दुसरा. असे वीस. मी दोन फ्रेटमधली वीस अंतरं वहीत सुंदर अक्षरात लिहिली होती.

भारतने वही पाहिली, मापं घ्यायचा व्हर्नियर उघडला, मिटला. "हे नाही चालत."

"गणित बरोबर आहे माझं!"

"गणित बरोबर हाय. मोजनं चूक हाय. एकापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असं मोजलं तं दर वेळी थोडं थोडं चुकते, अन् विसाव्यापर्यंत ते सारं गोळा होते. समदे एकाच जागेपासून मोजाचे. वरच्या टोकापासून."

"तू मला शिकवणार?"

"हाव," तो म्हणाला. शांतपणे. वर न बघता. आणि कान मात्र लालेलाल!

मी वही ओढून घेतली आणि सगळी बेरीज पुन्हा केली. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा. आला. चारशे बत्तीस. मी वही त्याच्या नाकापुढे धरली. तो हसला... पहिल्यांदा पूर्ण हसला. त्याचा एक दात किंचित वाकडा आहे. मी ते बघितलं आणि पुढचे दोन आकडे चुकीचे वाचून दाखवले.

मग करवत. बाजारातलं ब्लेड जाड पडत होतं, म्हणून त्याने ते दोन दिवस घासून पातळ केलं होतं. बेस टेबलावर, खाली पोतं, दोन्ही बाजूंनी घट्ट आवळलेला शिकंजा. शिसवी लाकडावर पेन्सिलच्या वीस रेघा.

"पक्कं ना?" त्याने विचारलं. "एकदा चिरलं का परत नाही येत."

"पक्कं."

"घरी पुन्हा इचारून पाह्य..."

"भारत, पक्कं!"

तरी त्याचा हात हलेना. दुसऱ्याची वस्तू, जुनी वस्तू... मला त्याचा थांबलेला हात फार आवडला. आणि तो थांबला म्हणूनच मी ब्लेड घेतलं आणि पहिल्या रेघेवर स्वतः ओढलं. खर्र... काळा भुसा उडाला. माझा हात सरळ. शेडच्या टोकाला लालसिंगकाकांनी, म्हणजे भारतच्या वडिलांनी, वेल्डिंगची काच डोळ्यांवरून वर केली. "भारत्या, फिटर कोन हाय बे, तू का ते?"

"दोघंबी," भारत म्हणाला. आणि माझ्या हाताशेजारी हात ठेवून त्याने ब्लेडची दुसरी बाजू धरली.

---

फ्रेटची तार कुरिअरने आली, खाली बारीक काटे असलेली. रोज चार-पाच फ्रेट ठोकले. मी तार खाचेवर धरायची, तो लाकडी हातोडीने ठोकायचा. बोट वाचवायचं म्हणजे एकमेकांकडे न बघता चालणार नव्हतं, आणि एकमेकांकडे बघितलं की हातोडी चुकणार होती. फारच अवघड काम होतं ते!

"हात थरथरून राह्यला तुहा," तो म्हणायचा.

"तुझी हातोडी घाबरवते."

"हातोडी का मी?"

"हातोडी!" मी म्हणायचे. पण उशिरा म्हणायचे.

शनिवारी दुपारी काम संपलं. काकांची परीक्षा रविवारी सकाळी. आम्ही तारा चढवल्या, मी छोट्या स्पीकरला बेस जोडला आणि मोकळी तार छेडली.

झर्रर्र...

डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज. दुसरी तार, तीच गत. चौथी तर बोट न ठेवताच पहिल्या फ्रेटचा सूर देत होती.

आमच्या दोघांच्याही एकदम लक्षात आलं. मानेच्या वरच्या टोकाला खाचांची एक छोटी पट्टी असते, तारा तिच्यातून उतरतात. गुळगुळीत बेसवर ती बुटकीच असते. आम्ही मानेवर मिलिमीटरभर उंच फ्रेट ठोकले आणि पट्टी उंच करायची विसरलो. वीस जागा दशांशापर्यंत मोजल्या, पण जिथून मोजायला सुरुवात केली ती जागा कुणी पाहिलीच नाही!

मी रडले. हो, रडले. काकांचं बोलणं कानात वाजू लागलं... वाटोळं करशीन, वाटोळं करशीन.

"उर्वशी," भारत म्हणाला. नाव पहिल्यांदाच घेतलं त्याने. "रडून घे. पाच मिनिटं लागतीन मले."

पाच नाही, अडीच तास लागले. कारण नव्या उंच पट्टीसाठी हाडासारखी कडक वस्तू हवी होती आणि बाजारात जाऊन शोधायला वेळ नव्हता. त्याने आपली सगळ्यात लाडकी कानस काढली. तिची मूठ काळ्या शिंगाची होती. त्याच्या आजोबांच्या बैलाचं शिंग वाढून डोळ्यात जायला लागलं तेव्हा कापलेलं टोक, आजोबांनीच घासून त्याला मूठ करून दिली होती. त्याने कानस दगडावर आपटून मूठ मोकळी केली आणि शिकंज्यात धरली.

"भारत, नको! ती आजोबांची..."

"अन् बेस मामाचा होता," तो म्हणाला. "कापला का नाही?"

याडी स्टुलावरून उठली. मला वाटलं, आता ओरडणार. तिने मूठ बघितली, मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे... खूप वेळ. आणि आत जाऊन आम्हा दोघांसाठी चहा घेऊन आली. एकाच ताटलीत दोन कप.

संध्याकाळी शिंगाची नवी पट्टी बसली आणि मोकळी तार वाजली. स्वच्छ. खोल. शेडचे पत्रे थरथरले. लालसिंगकाका म्हणाले, "आता बंद करा, वेल्डिंग सुटंल माह्यं!"

---

रविवारी विहाराच्या हॉलमध्ये मंडळ बसलं होतं. "तू पण आत चल," असं मी भारतला म्हटलं, पण तो बाहेर कडुलिंबाखालीच थांबला. "आपलं काम झालं," म्हणाला.

मी उभी राहिले. डोळे खाली नेले नाहीत. एकदाही नाही. बोटं आपापल्या घरात जाऊन बसत होती आणि आवाज... माझा आवाज मी पहिल्यांदाच पूर्ण सोडला. दुसऱ्या कडव्याला ढोलकीवाला डोलायला लागला.

गाणं संपलं. फुलचंदकाका पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले होते.

"सुरात होती," ते म्हणाले. "पन पोरी, असे पडदे ठोकून सूर धरनं म्हंजे लेकराचा पांगुळगाडा हाय. खरा वाजवनारा कानानं वाजवते."

महिन्यापूर्वीची उर्वशी मान खाली घालून निघून गेली असती.

"काका," मी म्हटलं, "तुमच्या पेटीत सूर कोणीतरी आधीच मोजून, कापून बसवलेत ना? मग तीस वर्षं तुम्ही पांगुळगाड्यावर आहात का?"

ढोलकीवाला इतका हसला की ढोलकी मांडीवरून घरंगळली. काकांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं, माझ्याकडे रागाने पाहिलं, आपल्या पेटीकडे पाहिलं. आणि त्यांच्या मिशा हलल्या.

"लई बोलतं वं तू," ते म्हणाले. "चौदा तारखेले येजो. कोरसच्या मांगं उभी राह्यजो."

"गाणारी माणसं पुढे उभी राहतात, काका."

"...पुढं राह्य, माय. पुढं राह्य!"

मी धावतच बाहेर आले. भारत ओट्यावर बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"झालं ना मंग," तो म्हणाला आणि उगीच चप्पल बघत राहिला. "मले एक सांगाचं होतं. पन... पुढच्या वर्षी मी अप्रेंटिसशिपले चाकणले जाईन. अन् तुहं घर वेगळं, आमचा बंजाऱ्याइचा तांडा वेगळा. लोक..."

"एका जागेपासून मोज, भारत. तूच म्हणालास ना? एकेक अडचण जोडत गेलास तर चूकच गोळा होईल."

"कोणत्या जागेपासून?"

"मला तू आवडतोस. इथपासून."

समोरच्या नळावर घागरी थांबल्या. भारतचे कान पळसासारखे.

"हळू बोल ना..."

"का? खालच्या आवाजात बोलायला बेस आहे माझा. तू काय सांगणार होतास?"

तो पुटपुटला. ओठ हलले, एवढंच.

"ऐकू नाही आलं."

पुन्हा पुटपुटला.

"भारत, मी अख्ख्या मंडळासमोर गाऊन आले आत्ता!"

तो उठला. शर्ट नीट केला. नळाकडे पाहिलं, विहाराच्या दाराकडे पाहिलं, आणि मग... फक्त माझ्याकडे.

"मले उर्वशी आवडते!"

आत काकांची पेटी मध्येच थांबली. कडुलिंबावरचे कावळे उडाले. नळावरची एक बाई म्हणाली, "अगं बाई!"

"आता बरोबर सुरात आहे," मी म्हणाले.