तीस टक्क्यांची सोयरीक

"अहो वायरमन, लाईट कधी येणार?" अंधाऱ्या जिन्यात चाचपडत तिनं विचारलं.

स्टुलावर उभा राहून फ्यूज बघणारा तो हसला. "बिल भरलं की येईल, मॅडम. मी उगाच आशेपायी चढलोय. आणि वायरमन नाही... इथला अकाउंटंट आहे."

तिनं जीभ चावली. तीही अकाउंटंटच, पण मोठ्या कंपनीची. या आजारी कारखान्यात तिच्या कंपनीचे तीस टक्के शेअर होते, आणि इथल्या नफ्यातोट्यातला तेवढा वाटा आपल्या हिशेबात धरायला ती आली होती. त्याचं नाव मात्र वायरमन पडलं ते पडलंच.

"तीस टक्के म्हणजे तुम्ही आमचे नक्की कोण?" तो एकदा म्हणाला. "मालक नाही, परकेही नाही..."

"सोयरे! सल्ला द्यायचा, घर चालवायचं नाही."

"आणि आम्ही बुडालो की?"

"वाट्याचं रडायचं," ती हसत म्हणाली, पण तो हसला नाही.

आठवड्याचं काम तिनं महिनाभर पुरवलं. फाइल घेताना बोटाला बोट लागायचं, मग बेरीज चुकायची. अहो-जाहो कधी गळालं, दोघांनाही कळलं नाही. कारखान्याचं मात्र काही खरं नव्हतं.

एका दुपारी तो तिला गोदामात घेऊन गेला. खोक्यातला एक रबरी वायसर, नळात बसवतात तसली चकती, त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. तिनं मूठ मिटली, आणि त्याचे तुकडेच झाले.

"कागदावर हा सगळा माल चांगला आहे," तो म्हणाला. "तुला दाखवायचा नाही, असं आमच्या साहेबांनी बजावलंय."

"मग का दाखवलास? तुझी नोकरी जाईल. तुझा दादाही इथंच मशीनवर आहे ना?"

"आहे. पण खोट्या आकड्याखाली तुझी सही... नाही बघवणार मला."

तिचा जीव तुटला. तरी तिनं खरा तोटा धरला. कंपनीची गुंतवणूक शून्यावर आली, आणखी पैसे घालायला तिच्या वरिष्ठांनी नकार दिला, आणि कारखान्याला टाळं लागलं. दादानं त्याच्याशी बोलणं टाकलं. वहिनी ताट ठेवून पाठ फिरवायची. आपलाच भाऊ घरभेदी निघाला, असं दादा गल्लीभर सांगत होता.

ती आली तेव्हा तो बंद फाटकापाशी उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"तुमच्या हिशेबात आम्ही आता किती?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"आणि यापुढचा तोटा?"

"तो धरत नाहीत. शून्यावर थांबायचं, असा नियम आहे."

"चांगला नियम आहे. मग जा तू."

"अर्धाच ऐकलास..." ती एक पाऊल पुढे आली. "हमी दिली असेल, तर शून्याच्या पुढचंही सोसावं लागतं."

"तुमच्या कंपनीनं कुठं दिली हमी?"

"कंपनीनं नाही. मी देतेय. तू आवडतोस मला, वायरमन."

"अगं, माझ्याकडे काहीच उरलं नाही..."

"माहीत आहे. मीच तपासलंय ना सगळं!" तिनं डोळे पुसले. "चल घरी. आकडा मी लिहिला, हे दादांना मीच सांगते."

"तो तुला उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

"मग दोघं बाहेर बसू," ती म्हणाली.