आप्पांचा रुमाल

खोटं वाटलं तर सोडून द्या. मला कुणाची समजूत घालायची नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय. रात्री-बित्री नाही, भर पुण्यात, सकाळी दहा वाजता. मार्च महिना, मंगळवार.

मी प्रगती. केडगावची. पुण्यात एम.ए. करते. माझे वडील, आप्पा, कॉलेजजवळच्या एका जुन्या दगडी इमारतीत वॉचमन होते. आम्ही दौंड-पुणे शटल ट्रेननं सोबतच जायचो.

गर्दी मरणाची. गाडी थांबायच्या आधीच आप्पा खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायचे. आमच्या गाडीत नियमच आहे. रुमाल पडला की तिथं दुसरं कुणी बसत नाही.

इमारतीखाली आलं की आप्पा रोज म्हणायचे, "वर बघ की गं जरा. सात कमानी हायेत. दगडात मोर कोरल्यात."

"उद्या बघते, आप्पा."

कानात इयरफोन. तीन वर्षं हेच.

फेब्रुवारीत आप्पा गेले. हार्ट अटॅक. आईनं त्यांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल छातीवर ठेवला. फाटक्या कोपऱ्याला तिनंच लाल दोरा घातलेला. माझ्या डोळ्यांदेखत जळला तो.

मला रडू आलंच नाही. बायका कुजबुजल्या, पोरगी दगड झाली.

त्या मंगळवारी मी पहिल्यांदा एकटी गेले. गाडीत उभ्यानंच. इमारतीखाली आले, आणि का कुणास ठाऊक... मान वर केली.

खरंच सात कमानी. मोर. इतकं देखणं काम, आणि मला काहीच वाटेना.

सातव्या कमानीच्या कठड्यावर...

निळा रुमाल.

मोबाईलवर फोटो काढला. मोठा करून बघितला. कोपऱ्याला लाल दोरा.

नवा वॉचमन पप्पू बाहेर आला.

"वर कोण गेलेलं?" मी विचारलं.

"वर? जिना कवाच पडलाय ताई. कुणी जात न्हाई." मग त्यानंही वर बघितलं. "आयला... सकाळी तर नव्हता ह्यो."

दुसऱ्या दिवशी केडगावला गाडीत चढले. पाय ठेवायला जागा नव्हती. पण खिडकीजवळची एक सीट रिकामी.

दौंडहून रोज येणाऱ्या रंगुबाई मावशी म्हणाल्या, "बस की गं. तुझाच रुमाल न्हवं? आत्ताच टाकलास ना खिडकीतनं?"

मी काहीच टाकलं नव्हतं.

सीटवर रुमाल नव्हता. नुसती चुन्याची भुकटी, त्या जुन्या कमानींवरून झडावी तशी. हात लावला...

सीट गरम होती.

त्या दिवशी कमानीकडं बघितलं. कठडा रिकामा. मोबाईलमधल्या फोटोतही.

आता रोज ती सीट रिकामी असते. आई म्हणाली, गाडी बदल. बदलली. तरी तेच. मी उभीच जाते, केडगाव ते पुणे.

आप्पांनी माझी जागा धरलीय. कुठं न्यायला, ते मला माहीत नाही.

पाय फार दुखतात हो. बसावंसं वाटतं...

त्याचीच भीती वाटते.